थेट विक्री : अर्थार्जन आणि माणसाची घडण

आपल्या समाजात शिक्षण आणि नोकरी यांची सांगड इतकी घट्ट बसली आहे की, मुलाच्या हातात पदवी पडली की घरातील वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो, "अर्ज कुठे कुठे केलेस?" हाच. त्यांचे काही चुकते असे नाही. राखीव जागांमुळे रेल्वे, टपाल, महापालिका, विमा आणि बँका यांची दारे उघडली आणि एका पिढीत कित्येक घरांचा कायापालट झाला. मी स्वतः बँकेत लिपिक आहे आणि त्याच दाराने आत आलो आहे. परंतु ती दारे आता पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाहीत. २०००-०१ साली सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि लाखाच्या घरात कर्मचारी बाहेर पडले. १ एप्रिल २०२० रोजी दहा बँकांचे विलीनीकरण होऊन चार बँका झाल्या. पूर्वी ज्या कामाला खिडकीमागे तीन माणसे लागत, ते काम आज ग्राहक घरी बसून मोबाईलवर उरकतो. अशा परिस्थितीत आपली पदवीधर मुले-मुली ज्या कामाकडे 'हे काय काम आहे?' म्हणून नाक मुरडतात, त्या थेट विक्रीच्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

थेट विक्री म्हणजे काय हे आधी स्पष्ट केले पाहिजे. कारण या नावाखाली आज बरेच काही खपवले जाते. कारखान्यातून निघालेला माल घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार असा प्रवास न करता विक्रेत्याच्या हातून सरळ ग्राहकाच्या घरी जातो आणि एरव्ही दुकानदाराला सुटणारा नफा विक्रेत्याला कमिशनच्या किंवा सवलतीच्या रूपाने मिळतो, ती थेट विक्री. विक्रेता हा कंपनीचा पगारी नोकर असेलच असे नाही. बहुधा तो नसतोच. या व्यवहाराला माल लागतो आणि तो खरोखर वापरणारे गिऱ्हाईक लागते. या दोन गोष्टी नसतील तर तो व्यवहार दुसराच काहीतरी असतो. त्याविषयी पुढे लिहिणार आहे.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, घरोघरी बांगड्या भरणारा कासार ही आपली जुनी थेट विक्रेती मंडळी. दोन साड्या आणि एका पँटच्या बदल्यात स्टीलचा डबा द्यायचा की नुसते पातेले, यावरून बोहारणीने घातलेली हुज्जत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना विक्रीकलेवरचे इंग्रजी पुस्तक वाचण्याची गरज नाही. बँक व्यवसायातही याचे एक उत्तम उदाहरण आहे. उडुपी येथील एका लहानशा बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून देशभर नावारूपाला आली, १९२८ साली पिग्मी ठेव योजना सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारावर यायचा आणि दोन आण्यांपासून बचत गोळा करून न्यायचा. ज्या माणसाला बँकेची पायरी चढण्याची भीती वाटते, त्याच्या पायरीशी बँक गेली. आजही सहकारी बँका आणि पतसंस्थांचे पिग्मी एजंट भाजीवाले, पानवाले, शिंपी यांच्याकडे रोज संध्याकाळी जातात. त्या एजंटाला बाजारातील प्रत्येक दुकानदाराची उलाढाल, कोणाचा मुलगा आजारी आहे, कोणाकडे लग्न आहे हे सारे ठाऊक असते. व्यवस्थापकाला इतके ठाऊक नसते.

पाश्चात्त्य देशांत या पद्धतीला कंपनीचे स्वरूप आले ते एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेत डेव्हिड मॅककॉनेल नावाचा गृहस्थ दारोदार पुस्तके विकत असे. पुस्तकाबरोबर तो अत्तराची लहान कुपी भेट देई. बायकांना पुस्तकापेक्षा अत्तरच अधिक आवडते हे त्याच्या ध्यानात आले आणि १८८६ मध्ये त्याने सुगंधी द्रव्यांची कंपनी काढली. विकण्यासाठी त्याने स्त्रियाच नेमल्या. अमेरिकेतील स्त्रियांना त्या वेळी राष्ट्रीय पातळीवर मताचा अधिकारही नव्हता, तो १९२० साली मिळाला. पण स्वतः कमावलेला पैसा हाताळण्याची संधी या कामातून काहींना त्याआधीच मिळाली होती. हीच कंपनी पुढे एव्हॉन या नावाने प्रसिद्ध झाली.

आपल्या देशात शहरी मध्यमवर्गाला थेट विक्रीची ओळख करून दिली ती प्रामुख्याने युरेका फोर्ब्स या कंपनीने. १९८२ साली ही कंपनी सुरू झाली. गळ्यात टाय, हातात बॅग आणि अवघड यंत्र सावरत जिने चढणारा तिचा तरुण विक्रेता मुंबई-पुण्याच्या इमारतींत ओळखीचा झाला. घर झाडण्याला केरसुणी आणि पाणी गाळायला फडके पुरेसे आहे असे मानणाऱ्या देशात त्याला व्हॅक्यूम क्लीनर आणि पुढे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकायचे होते. ही वस्तू दुकानाच्या फळीवर ठेवून विकली गेली नसती. ती घरात आणून, चालवून दाखवावी लागे. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी आणि देशी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. ओरिफ्लेम १९९५ मध्ये, टपरवेअर आणि मोदीकेअर १९९६ मध्ये आणि ॲमवे १९९८ मध्ये. त्यानंतर मध्यमवर्गीय वस्त्यांतून 'माझ्याकडे एक नवीन साबण आला आहे' हे वाक्य सर्रास ऐकू येऊ लागले.

आता प्रश्न असा की, खरेदी-विक्रीचा हा व्यवहार आपल्या समाजाच्या वाट्याला फारसा का आला नाही? विकणाऱ्याचा हात आणि विकत घेणाऱ्याचा उंबरठा यांच्यामध्ये जात उभी होती. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्याकडून दूध, तूप, पीठ कोण घेणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून परतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वीच्या काळात त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढी काढली होती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. गिऱ्हाईक येऊ लागले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच येईनासे झाले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या विद्वानाची ही गत, तर खेड्यातल्या माणसाने कोणत्या आशेवर दुकान टाकायचे? म्हणूनच नोकरी ही आपल्याकडे पुष्कळदा आवडनिवड नव्हती, तो एकच मार्ग मोकळा होता.

हे सारे लक्षात घेतले म्हणजे आपल्या वस्तीतील एखादी मुलगी कंपनीचे ओळखपत्र गळ्यात घालून अनोळखी सोसायटीचा जिना चढते, तेव्हा ती केवळ साबण विकायला निघालेली नसते असे मला वाटते. तिला तेथे आडनाव विचारले जाते, हेही खरे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा आणि आडनावाचा काय संबंध, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही! काही घरांत आडनाव कळताच बोलणे थंडावते, काही घरांत चहा येतो. थेट विक्रीने जात जाईल असा भाबडा दावा मी करणार नाही. पण शाळा-कॉलेज, वस्ती आणि नातेवाईक या परिघाबाहेरची शंभर घरे आतून पाहिलेली मुलगी आणि ती न पाहिलेली मुलगी यांच्या बोलण्यात, चालण्यात, बसण्यात फरक पडतो. तो आमच्या बँकेच्या खिडकीवरसुद्धा दिसतो. एक जण पैसे भरण्याची स्लिप दुसऱ्याकडून भरून घेतो, दुसरी खिडकीपाशी येऊन विचारते, "साहेब, या खात्यावर एवढे पैसे कशाचे कापले?"

हा फरक नेमका कशाने पडतो? पहिली गोष्ट, बोलण्याची. दार उघडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण कोण, कोणाकडून आलो, काय घेऊन आलो आणि कशासाठी, हे नीट सांगावे लागते. मुलाखतीला गेलेले आपले हुशार विद्यार्थी 'स्वतःविषयी सांगा' या प्रश्नाला अडखळतात, कारण अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाहून स्वतःविषयी चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलेलाच नसतो. विक्रेत्यावर तो दिवसातून दहा-वीस वेळा येतो. प्रमाण मराठी यावी लागते असेही नाही. बोलीत बोलणारा पण मुद्द्याचे बोलणारा विक्रेता पाठ केलेले इंग्रजी म्हणून दाखवणाऱ्यापेक्षा अधिक माल विकतो.

दुसरी गोष्ट, मालाचा अभ्यास. पाण्याच्या यंत्राचेच उदाहरण घेऊ. अतिनील किरणांवर चालणारे यंत्र पाण्यातील जंतू मारते, पण पाण्यात विरघळलेले क्षार काढत नाही. क्षार काढायचे तर आर. ओ. पद्धतीचे यंत्र लागते आणि ते बरेचसे पाणी वायाही घालवते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे ज्या घरात महानगरपालिकेचे गोडे पाणी येते तेथे महागड्या आर. ओ. यंत्राची सहसा गरज नसते. ज्या घरात कूपनलिकेचे खारट पाणी येते, तेथे ती असू शकते. चांगला विक्रेता बॅग उघडण्यापूर्वी 'ताई, पाणी कुठले येते तुमच्याकडे?' असे विचारतो. 'तुम्हाला याची गरज नाही, साधे यंत्र पुरेल' असे सांगणाऱ्याची त्या दिवसाची मोठी विक्री बुडते. पण तीच ताई पुढे आपल्या बहिणीचा पत्ता देते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला विज्ञान शिकायचे असेल तर ते असेही शिकता येते.

तिसरी गोष्ट 'नाही' ऐकण्याची, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची हीच. दहा दारांपैकी बरीच दारे बंद होतात. काही सौजन्याने, काही धाडकन. ज्यांच्या पूर्वजांनी नकार हा अपमान म्हणूनच अनुभवला, त्यांच्या मनात प्रत्येक नकार खोलवर जाऊन बसतो. 'आत्ता नको' म्हणणाऱ्या गृहिणीने कदाचित गॅसवर दूध ठेवलेले असते, कदाचित महिनाअखेर असते, कदाचित तिच्या घरात ती वस्तू आधीच असते. ती वस्तूला नको म्हणते आहे. आणि जिथे खरोखरच माणसाला नको म्हटले जाते, तो प्रकार वेगळा आहे हेही विक्रेत्याला हळूहळू अचूक ओळखता येऊ लागते. दोन्हींत गल्लत न करणे हे शहाणपण पुस्तकात मिळत नाही. पुढे ही मुले स्पर्धा परीक्षेला बसली, धंद्यात उतरली किंवा संघटनेत काम करू लागली तरी ही शिदोरी उपयोगी पडते.

चौथी गोष्ट हिशेबाची. येथे मी माझ्या पेशाला धरून थोडा रेंगाळणार आहे. समजा, एका ताईंनी महिन्यात १५,००० रुपयांचा माल विकला आणि त्यावर त्यांना २० टक्के सुटले, म्हणजे ३,००० रुपये. घरात सांगताना त्या 'तीन हजार मिळाले' असे सांगतात. पण बस-रिक्षाचे ६०० रुपये, मोबाईलचे ३००, नमुन्यादाखल वाटलेल्या मालाचे ४०० आणि उधारी बुडाली त्याचे ५००, असे १,८०० रुपये वजा केले की हातात १,२०० उरतात. त्यासाठी त्या रोज चार तास, महिन्यातून वीस दिवस फिरल्या असतील तर ते ८० तास होतात. ताशी पंधरा रुपये! हे पाहून काम सोडून द्यावे असे मी म्हणत नाही. त्याच ग्राहकांनी पुन्हा मागणी केली आणि विक्री ३०,००० वर गेली, तर सुटतील ६,००० रुपये. फिरणे मात्र दुप्पट होणार नाही. खर्च २,४०० झाला असे धरले तरी ३,६०० उरतात, म्हणजे ताशी ४५. अजूनही फार नाही. पण कमाई वाढते कशाने, नव्या दारांनी की जुन्या ग्राहकांनी, हे वहीत लिहिल्याशिवाय कळत नाही. मी अशा ताई पाहिल्या आहेत, ज्या कपाटात पडून असलेला न विकलेला पाच हजारांचा मालही 'कमाई'त धरतात. तो माल म्हणजे खर्च आहे, तो विकला जाईपर्यंत. घरखर्चाचे खाते आणि विक्रीचे खाते वेगळे ठेवावे. दोन पासबुके झाली की डोक्यातील पुष्कळसा गोंधळ आपोआप मिटतो.

स्त्रियांच्या बाबतीत या कामाचा सामाजिक लाभ विशेष आहे. टपरवेअरचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. अर्ल टपर यांनी १९४० च्या दशकात प्लास्टिकचे हवाबंद डबे तयार केले. पण दुकानांत ते पडून राहिले, कारण झाकण कसे लावायचे हेच गिऱ्हाइकाला कळत नव्हते. ब्राउनी वाइज या घटस्फोटित, एकट्याने मूल वाढवणाऱ्या स्त्रीने घरोघरी शेजारणींना जमवून, गप्पागोष्टींत डबा दाखवून तो विकण्याची पद्धत वाढवली. १९५१ पासून कंपनीने दुकानांतून माल काढून घेतला आणि केवळ अशा घरगुती मेळाव्यांतून विक्री सुरू केली. आपल्याकडील भिशीची बैठक किंवा बचत गटाची सभा डोळ्यांपुढे आणली की हे लगेच समजते. १९५४ साली ब्राउनी वाइज यांचे छायाचित्र 'बिझनेस वीक' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. असा मान मिळवणारी ती पहिलीच स्त्री. परंतु १९५८ मध्ये तिला कंपनीने काढून टाकले. कंपनीत तिच्या नावे एकही शेअर नव्हता. जिने धंदा उभा केला, तिला एका वर्षाच्या पगाराएवढी रक्कम देऊन वाटेला लावले. पुढे त्या कंपनीवरही काळ आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, हा भाग निराळा.

ही हकीकत मी मुद्दाम सांगितली. थेट विक्रेता हा बहुतेक वेळा कंपनीचा कर्मचारी नसतो. त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, आजारपणाचा पगार नाही. पिग्मी ठेव गोळा करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कामगार मानले, पण त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे लढावे लागले. तेव्हा करारावर सही करताना तो वाचावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी. शिकलेल्या मुलांनी आपल्या आईचा, मावशीचा करार वाचून द्यावा. इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून सांगावा.

खेड्यांतही असे प्रयोग झाले आहेत. हिंदुस्तान लिव्हर कंपनीने २००० नंतर आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) नलगोंडा जिल्ह्यापासून बचत गटांतील स्त्रियांना साबण, शांपू, चहा यांच्या गावोगाव विक्रीचे काम दिले आणि पुढे ते अनेक राज्यांत पसरले. आपल्या राज्यात १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांनी तयार केलेले पापड, मसाले, लोणची स्त्रिया स्वतः विकतात. मला या दोहोंत दुसरा प्रकार अधिक आवडतो. तेथे विकणारी बाई मालाचीही धनीण असते आणि किंमतही तीच ठरवते. ज्यांना कंपनीच्या मालातून विक्रीचा सराव झाला, त्यांनी पुढे स्वतःच्या मालाकडे वळावे.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या दुसऱ्या प्रकाराविषयी. वस्तीत एखादा टाय लावलेला तरुण येतो, समाजमंदिरात सभा घेतो, पडद्यावर मोटारी आणि बंगले दाखवतो. मालाविषयी पाच मिनिटे, स्वप्नांविषयी दोन तास. 'तुम्ही फक्त सहा माणसे जोडा, ती सहा पुढे सहा-सहा जोडतील.' गणिताची पाटी काढून हा हिशेब एकदा करून पाहावा. सहा, छत्तीस, दोनशे सोळा, असे करत नवव्या पायरीला एक कोटीहून अधिक माणसे लागतात आणि दहाव्या पायरीला सहा कोटींहून अधिक. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. अकराव्या पायरीला लागणारी माणसे त्याच्या तिप्पट भरतात. म्हणजे साखळी कुठेतरी तुटणारच, आणि तुटते तेव्हा सर्वांत खालच्या पायरीवर सर्वांत जास्त माणसे असतात. ही माणसे कोण असतात? मेहुणा, चुलतभाऊ, मैत्रीण, शेजारीण. आपल्या वस्त्यांत असे घडले आहे. ज्या कंपनीमुळे घडले ती गाशा गुंडाळून गेली. मागे राहिले ते लग्नकार्यात एकमेकांशी न बोलणारे सख्खे भाऊ. दागिने मोडून भरलेले पैसे मी खिडकीच्या अलीकडून मोजून घेतले आहेत. पैसे भरणाऱ्याला खिडकीपलीकडून शंका बोलून दाखवण्यापलीकडे लिपिकाच्या हातात काही नसते.

थेट विक्रीतून माणसाला जे जे मिळते म्हणून वर लिहिले, तेच नेमके या साखळीत हरवते. अनोळखी माणसाशी बोलण्याचे धैर्य येत नाही, कारण ओळखीच्यांनाच गळ घालायची असते. मालाचा अभ्यास होत नाही, कारण माल निमित्तमात्र असतो. 'नाही' म्हणणाऱ्याचा आदर राखला जात नाही, कारण त्याला 'नकारात्मक विचारांचा' ठरवले जाते. हिशेबाची वही तर काढायचीच नसते.

अमेरिकेत १९७९ साली ॲमवे कंपनीच्या पद्धतीबाबत तेथील व्यापार आयोगाने जो निर्णय दिला, त्यात हा फरक चांगला उलगडला आहे. आयोगाने त्या कंपनीची पद्धत बेकायदा साखळी ठरवली नाही. विक्रेत्याने महिन्याला किमान दहा ग्राहकांना माल विकावा, घेतलेल्या मालापैकी ७० टक्के माल खपवल्याशिवाय नवा घेऊ नये आणि उरलेला माल परत घेतला जावा, असे नियम तेथे होते, हे त्याचे कारण. त्याच निर्णयात कमाईचे फुगवून केलेले दावे मात्र आयोगाने दोषी धरले.

आपल्याकडे पैशांच्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम काढले. ते विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावेत. थेट विक्रीच्या नावाखाली साखळी योजना चालवण्यास त्यात मनाई आहे. विक्रेता होण्यासाठी प्रवेशशुल्क मागता येत नाही, नमुन्याचे साहित्य विकत घेण्याची सक्ती करता येत नाही. कंपनी आणि विक्रेता यांच्यात लेखी करार हवा. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये. सुरुवातीलाच स्वतःची, कंपनीची आणि येण्याच्या हेतूची खरी माहिती द्यावी. कंपनीने न केलेला दावा मालाविषयी करू नये. आता शहरांतील सोसायट्यांच्या फाटकावर पहारेकरी आणि मोबाईलवरची नोंद असते, त्यामुळे वेळ ठरवून जाणे तसेही भागच पडते. 'हे तेल घेतल्याने मधुमेह जातो' असे सांगणाऱ्याला विकणारा म्हणायचे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

तेव्हा आपल्यापैकी कोणी या कामात उतरणार असेल, तर कंपनीच्या माणसाला एवढेच विचारावे की, मी एकही नवीन माणूस जोडला नाही आणि नुसता माल विकला, तर मला काय मिळेल? याचे उत्तर आकड्यात मिळाले तर वही उघडून हिशेब करावा. उत्तराऐवजी मोटारीचे चित्र पुढे आले तर चहा पिऊन उठावे. सुरुवात नोकरी शोधत असताना, कॉलेजच्या सुट्टीत, थोड्या मालावर करावी. कर्ज काढून माल भरू नये. कमिशनवर आयकर कापला गेला असेल तर त्याची नोंद पॅन क्रमांकावर दिसते, ती तपासून विवरणपत्र भरावे. अशी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पुढे स्वतःच्या व्यवसायासाठी कर्ज मागताना आमच्याच खिडकीवर कामाला येतात. कंपनीकडून फसवणूक झाली किंवा माल परत घेण्यास टाळाटाळ झाली, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. कामकाजाच्या ४८ तासांत तिची पोच देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तेथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे बोलताना कराराची प्रत, पावत्या आणि ओळखपत्र हाताशी ठेवावे.